काकूंना पैसे द्यावेत का?

प्रश्न मुलुंडच्या एका तरुण आईचा आहे. ती लोअर परळला नोकरीला, नवरा अंधेरीला. सहा वर्षांचा मुलगा दुपारी साडेतीनला स्कूलबसमधून उतरतो. तेव्हापासून ती करी रोडची गाडी पकडून घरी पोचेपर्यंत, म्हणजे साडेसहा-सातपर्यंत, समोरच्या फ्लॅटमधल्या काकू त्याला सांभाळतात. याला दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात पगार झाल्यावर हिने काकूंपुढे पाकीट धरलं. काकू म्हणाल्या, "मी काय पाळणाघर उघडलंय का?" आणि दार लोटून घेतलं. मूल अजूनही त्यांच्याकडे जातं, पण बोलणं तुटक झालं आहे. नवऱ्याचं म्हणणं असं, की जगात प्रत्येक गोष्टीला किंमत असते, कोर्टात तर गेलेल्या माणसालाही लावतात. काकूंना आकडा कमी वाटला असेल, इतकंच. ती विचारते, उपकाराची किंमत करावी का, आणि करायची तर कशी?

माझं मत आधीच सांगते. पाकीट धरायला नको होतं. पण काकूंनी ते घेतलं नाही म्हणून तुमचं देणं फिटलं, असंही नाही. आणि कोर्टाबद्दल तुमच्या यजमानांना जे वाटतं ते अर्धंच खरं आहे. ते आधी उलगडते, कारण काकूंच्या प्रश्नाची वाट तिथूनच जाते.

मी गेली २६ वर्षं मुंबईत मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे चालवते, मधूनमधून रेल्वेचेही. माझ्याकडे येणारी माणसं घरातलं कोणीतरी गमावून आलेली असतात. "किती मिळतील" हे त्यांना विचारायचं असतं आणि विचारवतही नसतं. मी त्यांना पहिल्या भेटीत एकच विचारते: "घरात काय काय थांबलं?" मग कोणी म्हणतं खोलीचा हप्ता थांबला, कोणी म्हणतं धाकट्याचा क्लास थांबला, कोणी नुसतंच गावाकडे बघतात तसं भिंतीकडे बघत राहतात. दाव्याची सुरुवात तिथून होते.

हिशेब कसा होतो ते दाखवते. समजा ३४ वर्षांचा माणूस आहे, स्वतःचा छोटा धंदा, महिना २० हजार मिळकत. मागे बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचे २ लाख ४० हजार झाले. पुढे मिळकत वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के भर घालतात. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारवाल्यांसाठी हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१७ मध्ये प्रणय सेठी निकालात ठरवून दिलं. झाले ३ लाख ३६ हजार. त्यातला काही भाग त्याने स्वतःवरच खर्च केला असता. अवलंबून असलेले चौघं असतील तर तो एक चतुर्थांश धरतात. उरले २ लाख ५२ हजार. याला वयाप्रमाणे गुणक लावायचा. ३१ ते ३५ वयाला तो १६ आहे, हे कोष्टक २००९ च्या सरला वर्मा निकालातलं. उत्तर येतं ४० लाख ३२ हजार.

आता या आकड्यात बघा, तो माणूस कुठे आहे? त्याचा स्वभाव, त्याचं गाणं, रविवारी मुलांना राणीच्या बागेत नेणं, यातलं काही नाही. त्याच्याकडून घरात जे येत होतं आणि आता येणार नाही, त्याचीच ही मोजदाद आहे. एका वडिलांनी निकालाची प्रत हातात घेऊन मला विचारलं होतं, "मॅडम, एवढाच का आमचा पोरगा?" पोरगा अविवाहित होता, आणि अविवाहिताच्या बाबतीत निम्मी मिळकत त्याच्या स्वतःच्या खर्चाची म्हणून वजा होते. आई म्हणत होती, "तो तर सगळा पगार माझ्या हातात ठेवायचा." मी त्यांना तेव्हा जे सांगितलं तेच आजही सांगते. हा आकडा त्याचा नाही. तुमच्या घरी येणारा जो पैसा आटला, त्याचा आहे. त्याचा आकडा कोणत्याच कोर्टाने काढलेला नाही.

सहवास गेला, मायेचं माणूस गेलं, यासाठीही कायद्यात एक रक्कम आहे. २०१७ च्या त्याच निकालात ती ४० हजार ठरली, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढते. ती वाचून लोक चिडतात. बायकोच्या आयुष्याच्या सोबतीचे ४० हजार? मीही सुरुवातीला चिडायचे. पण एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. मिळकतीचा हिशेब माणसागणिक बदलतो, बँकेच्या मॅनेजरचा वेगळा, हमालाचा वेगळा. सहवासाची रक्कम मात्र दोघांच्या बायकांना सारखीच. तिथे न्यायालय पगारपत्रक मागत नाही. हे मोजता येत नाही, म्हणून सगळ्यांना सारखं द्या, असा त्याचा अर्थ मी लावते.

रेल्वेचं तर सगळंच सारखं आहे. लोकलमधून गर्दीच्या रेट्याने पडून मृत्यू झाला, तर १ जानेवारी २०१७ पासून भरपाई ८ लाख रुपये. त्याआधी ४ लाख होती. फर्स्ट क्लासचा पासवाला असो की सेकंडचा, रक्कम तीच. म्हणजे या एकाच शहरात रस्त्यावर गेलेल्याचा पगार बघतात आणि गाडीतून पडलेल्याचा पास. पास हा फार मोठा मुद्दा होतो. खिसा कोणी रिकामा केलेला असतो, हल्ली पास मोबाइलमध्ये असतो आणि मोबाइल रुळावर फुटलेला असतो किंवा सापडतच नाही. तिकीट अंगावर सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं, त्याचा घरच्यांना मोठा आधार झाला. रूळ ओलांडताना गेलेल्यांना मात्र यातलं काही मिळत नाही. वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर रस्त्यावरच्या मृत्यूला सरकारी योजनेतून २ लाख, तेही एप्रिल २०२२ पासून. त्याआधी २५ हजारच होते.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की "कोर्ट जिवाला किंमत लावतं" हे वाक्य जितकं सरळ वाटतं तितकं नाही. कोण गेलं त्यापेक्षा कोणाचं काय थांबलं, हे बघितलं जातं.

पण म्हणून किंमत न लावणं हेच थोर, असंही मी मुळीच म्हणणार नाही. उलट माझ्या कामात मी सर्वांत जास्त अन्याय पाहिला तो किंमत न लावल्यामुळे, आणि तो गृहिणींच्या बाबतीत.

लालबागच्या एका चाळीतलं कुटुंब होतं. सकाळी भाजी आणायला गेलेल्या बाईला टेम्पोने उडवलं. नवरा छापखान्यात कामाला. साक्षीच्या वेळी विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत त्याला विचारलं, "तुमच्या पत्नी काय करायच्या?" तो म्हणाला, "काही नाही. घरीच असायची." हे वाक्य नोंदीत गेलं. त्याने मुद्दाम म्हटलं नव्हतं हो. चांगला माणूस होता, बायकोच्या आठवणीने साक्षीच्या पिंजऱ्यातही त्याचा आवाज फुटत होता. पण "करणं" म्हणजे पगाराचं काम, हीच व्याख्या त्याच्या डोक्यात होती, जशी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असते.

संध्याकाळी मी त्याला म्हटलं, पहाटेपासून रात्रीपर्यंत घरात काय काय व्हायचं ते लिहून आणा. दोन दिवसांनी तो मुलीच्या चौरेघी वहीतली दोन पानं घेऊन आला. साडेचारला पाणी भरणे. दोन डबे. मुलीची तयारी. सासूला इन्सुलिन (हे "सासू" त्याने बायकोच्या बाजूने लिहिलं होतं, म्हणजे त्याची स्वतःची आई). भांडी, कपडे, दळण, रेशन, संडासाची बादली. साड्यांना फॉल-बिडिंग, आणि त्यापुढे "किती मिळायचे माहीत नाही". आम्ही समोरासमोर बसून एकेका कामापुढे दर लिहिला: पोळ्यांना बाई ठेवली तर किती, भांड्यांना किती, आईजवळ दिवसभराची आया ठेवली तर किती. बेरीज त्याच्या पगाराच्या वर गेली. तो बराच वेळ पानाकडे बघत राहिला. मग त्याने पेन मागितला आणि यादीतली शेवटची ओळ खोडली. ती होती "मुलीची वेणी". म्हणाला, "याचे नको मागायला."

मी ती ओळ दाव्यात घातली नाही. बाकीच्या सगळ्या घातल्या.

कायद्यालाही हे शिकायला वेळ लागला. १९९४ मध्ये मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या परिशिष्टात न कमावणाऱ्या माणसाची मानीव, म्हणजे हिशेबापुरती धरून चालायची, मिळकत होती वर्षाला १५ हजार, आणि जोडीदार असेल तर कमावत्याच्या मिळकतीच्या एक तृतीयांश. म्हणजे बायकोच्या कष्टाचं मोल नवऱ्याच्या पगारावरून! २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमशेदपूरच्या आगीतल्या मृत्यूंच्या प्रकरणात गृहिणींच्या कामाचं मोल महिना ३ हजार धरलं. २०१० मध्ये त्याच न्यायालयाने जनगणनेवर बोट ठेवलं: गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या बरोबरीने "काम न करणाऱ्या" गटात टाकलं होतं. आणि जानेवारी २०२१ च्या एका निकालात न्यायालयाने राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळेच्या पाहणीचा आधार घेतला. घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. हे आकडे डोळ्यांपुढे ठेवा, तुमच्या प्रश्नात ते पुन्हा येणार आहेत.

सरकारी निर्णयांतही हेच होतं, तेवढं थोडक्यात सांगते. पूल बांधायचा की नाही, रुळांच्या मध्ये कुंपण घालायचं की नाही, हे ठरवताना वाचणाऱ्या जिवाला काहीतरी आकडा द्यावाच लागतो. थॉमस शेलिंग या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६८ मध्ये याची एक रीत मांडली. समजा एका स्टेशनवरून रोज १ लाख माणसं जातात आणि कुंपणामुळे प्रत्येकाचा वर्षातला मरणाचा धोका लाखात एकने कमी होतो. म्हणजे वर्षाला साधारण एक जीव वाचेल, पण कोणाचा ते कोणालाच ठाऊक नाही. एवढ्या सुरक्षेसाठी प्रत्येक जण वर्षाला २०० रुपये द्यायला तयार असेल, तर त्या एका न दिसणाऱ्या जिवापायी लोक २ कोटी मोजायला तयार आहेत, असं धरायचं. या रीतीतला मोठा दोष मला रोज दिसतो: मानखुर्दचा माणूस कमी देऊ शकतो, म्हणून त्याचा जीव स्वस्त ठरतो. म्हणून असा आकडा शहरातल्या सगळ्यांसाठी एकच असावा, हे माझं ठाम मत आहे. पण आकडाच नको म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. अंदाजपत्रकात ज्या रकान्यात काही लिहिलेलं नसतं तिथे शून्य धरलं जातं. "घरीच असायची" सारखंच.

आता काकू.

तुमच्या पाकिटाने काय झालं ते समजायला एक जुना प्रयोग उपयोगी आहे. इस्राएलमध्ये हायफा शहरात दहा पाळणाघरांमध्ये तो झाला, अहवाल २००० मध्ये आला. पालक मुलांना न्यायला उशिरा येत. म्हणून काही पाळणाघरांनी दहा मिनिटांहून जास्त उशिराला दंड लावला. तर उशीर करणारे वाढले, जवळपास दुप्पट झाले. आधी उशीर झाला की शिक्षिकेपुढे ओशाळल्यासारखं व्हायचं. दंड आल्यावर उशीर ही विकत घेण्याची गोष्ट झाली, पैसे दिले की झालं. पुढे दंड बंद केला, तरी पालक पूर्वीसारखे वेळेवर येईनात. एकदा दर लावला की तो काढून टाकला तरी डोक्यातून जात नाही.

काकूंना हे कोणी शिकवलेलं नाही, पण त्यांना ते पाकीट बघताक्षणी कळलं. आजवर तुमची गाडी लेट झाली की तुम्ही जिना धावत चढत होतात. उद्या पैसे दिल्यावर तुम्ही तितक्या धावाल का? आणि त्यांना एखाद्या दिवशी नको वाटलं, तर "आज जमणार नाही गं" म्हणणं सोपं राहील का? पगार घेणाऱ्याला रजा मागावी लागते. काकूंनी दार लोटलं ते त्यासाठी.

आपल्याकडे देण्याघेण्याचा हिशेब नसतो असं समजू नका. तो फार बारकाईने असतो. माझ्या आईच्या ट्रंकेत आहेराची वही होती, लाल कापडाच्या बांधणीची. माझ्या लग्नात कोणी किती दिले, कोणी स्टीलचा डबा दिला, कोणी साडी, सगळं नावानिशी. त्यांच्या घरचं कार्य आलं की आई ती वही काढायची, आणि दिलं त्याहून थोडं जास्त द्यायची. अगदी तेवढंच कधी नाही. पाकिटावर एक रुपया चिकटवलेला असतो, तो त्याचसाठी, रक्कम शून्यावर थांबू नये म्हणून. शेजारणीचा डबा आला तर रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. गावाकडे लावणीला सावड असते: आज तुझ्या शेतात आम्ही, परवा आमच्या शेतात तू. तिथे मजुरी ठरवत नाहीत, पण कोणाकडे किती दिवस गेले हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, आणि जो फेडत नाही त्याला पुढच्या वर्षी कोणी बोलवत नाही.

हिशेब असतो, पण तो चालू ठेवायचा असतो. "माझा हिशेब चुकता करून टाक" हे आपण संबंध संपवताना म्हणतो. तुम्ही पाकीट धरलंत, म्हणजे काकूंच्या कानावर हे वाक्य पडलं.

पण सावडीत जे जमतं ते तुमच्या दोन वर्षांत झालेलं नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. सावड दोन्ही बाजूंनी असते. काकू रोज साडेतीन तास देतात, आठवड्याचे पाच दिवस. तुमच्याकडून दिवाळीचा फराळ आणि वाढदिवसाला साडी जाते. हे फार एकतर्फी आहे, आणि एकतर्फी चाललेल्या गोष्टीला आपण सगळे आपुलकी म्हणून मोकळे होतो. त्या बदल्यात कोणाचं काय जातं हे कोणी विचारत नाही. आपुलकी खरी असेल, आहेच. लालबागच्या त्या माणसाचीही बायकोवर माया खरी होती.

म्हणून काकूंच्या बाबतीतही मी तोच प्रश्न विचारेन: त्यांच्याकडचं काय थांबलं? तुम्ही पत्रात जाता जाता एक ओळ लिहिली आहे, बहुधा काकू किती चांगल्या आहेत हे सांगायला. "मंगळवार-शुक्रवारी चार वाजता त्यांचं भजनी मंडळ असायचं, हल्ली जात नाहीत, गुडघे दुखतात म्हणतात." मी ती ओळ तीनदा वाचली. गुडघे दुखणाऱ्या बाई सहा वर्षांच्या मुलामागे साडेतीन तास फिरतात आणि भजनाला बसायला जाऊ शकत नाहीत? मुलगा साडेतीनला येतो आणि भजन चारला असतं, इतकं साधं आहे ते. तुम्ही विचारलं नाहीत, त्यांनी सांगितलं नाही.

त्यांना रुपये दिलेत तर त्याने मंगळवार परत येत नाही. नुकसानभरपाईच्या कामात आम्हाला पैसेच द्यावे लागतात, कारण गेलेलं परत आणायचा दुसरा मार्ग नसतो. तुमच्याकडे आहे. काकू समोरच्या दारात आहेत. जे गेलं तेच परत देता येत असताना पैशात द्यायला जाऊ नका.

याला एक अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. काकूंना पैशांची गरज असेल, काकांचं पेन्शन अपुरं पडत असेल, औषधं महाग असतील, तर मात्र संकोच करू नका. पण मग ते "थोडंसं काहीतरी" म्हणून पाकिटात नको. सरळ बसून बोला: इतके तास, इतके पैसे, महिन्याच्या इतक्या तारखेला, रविवारी आणि सणाला सुट्टी, आणि त्यांना जमणार नसेल त्या दिवशी एक निरोप पुरे. परिसरातलं चांगलं पाळणाघर जे घेतं त्याहून कमी देऊ नका. मायेच्या माणसाला कमी दिलं तरी चालतं, हा आपला जुना दोष आहे. ते ठरल्यावर मग काकूंचा तो पगार आहे, उपकार तुमच्याकडून नाही आणि त्यांच्याकडूनही नाही. कोणती गोष्ट लागू आहे हे मला इथून कळणार नाही. तुमच्या सासूबाईंना किंवा मजल्यावरच्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला बहुधा माहीत असेल, त्यांच्याकडून कळून घ्या, काकूंना थेट विचारू नका.

पैसे देऊन चांगुलपणा वाढत नाही का, असंही कोणी विचारेल. अपघातग्रस्ताला वेळेत रुग्णालयात पोचवणाऱ्याला केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५ हजारांचं बक्षीस ठेवलं, आता ते २५ हजार आहे. बक्षीस असू दे, मला त्यात वाईट काही दिसत नाही. पण इतक्या वर्षांत थांबलेली आणि न थांबलेली माणसं मी साक्षीला पाहिली आहेत. न थांबलेला एकही मला "पैसे मिळाले असते तर थांबलो असतो" असं म्हणालेला नाही. सगळे म्हणतात, पोलीस, जबाब, कोर्टाच्या तारखा. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला नाव सांगायची आणि साक्षीदार व्हायची सक्ती करू नये अशा नियमांना बळ दिलं, नंतर कायद्यातही ते कलम आलं. ज्याच्यामुळे त्या माणसाला भुर्दंड पडत होता ते काढून घेतलं. तुमच्याही घरी तेच करायचं आहे.

आता यजमानांविषयी. ते म्हणतात प्रत्येक गोष्टीला किंमत असते. मग त्यांच्या हाती वही द्या आणि साडेतीन ते सातची यादी त्यांनाच लिहू द्या. बसमधून उतरवणे, दप्तर, हातपाय, खाणं, गृहपाठ, खाली खेळायला नेणं, पडला तर हळद लावणं. तुम्ही मला लिहिलेल्या सबंध पत्रात मूल सांभाळणाऱ्या दोनच बाया आहेत, तुम्ही आणि काकू. मुलाच्या बाबाचं नाव फक्त किंमत ठरवताना येतं. पाहणीतला २९९ आणि ९७ मिनिटांचा फरक म्हणतात तो असाच. त्यांच्या ऑफिसात आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायची सोय असेल तर ते दोन दिवस मंगळवार आणि शुक्रवार असू देत. नसेल तर त्या दोन दुपारी मुलाला पाळणाघरात ठेवा आणि पैसे तिथे मोजा, तिथे ते शोभतात.

मग काकूंकडे जा. सातला मुलाला घ्यायला जाता तेव्हा नको, तेव्हा तुम्ही दमलेल्या असता आणि बॅग खांद्यावर असते. रविवारी सकाळी जा, दोघंही. पाकिटाचा विषय एका वाक्यात संपवा: "काकू, त्या दिवशी माझं चुकलं." कारणं सांगत बसू नका. आणि सांगा, मंगळवार-शुक्रवार आता आमच्याकडे, तुम्ही भजनाला जायचं. त्या नाही म्हणतील. गुडघ्यांचं कारण पुन्हा सांगतील. तेव्हा त्यांना म्हणा, रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय, मंगळवारी पावणेचारला खाली येईल.